सगळ्यांच्या पसंतीची आई

"अर्ध्या तासाचं काम आहे हो," बाबांनी फोटो स्टुडिओवाल्याला फोनवर ऐकवलं. "तुम्ही कशाला तसदी घेता? आमची धाकटी विद्यापीठात हेच तर शिकते, ग्राफिक डिझाइन. शेवटचं एक वर्ष राहिलंय. तुमच्यासारखे दहा जण हाताखाली ठेवेल ती!"

फोन ठेवून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट सुटली की त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं, ते आई गेल्यापासून आज पहिल्यांदा आलं होतं. ते विझवायचा धाकटीला धीर झाला नाही.

"हो," ती म्हणाली. "हातचा मळ आहे."

दुपार कलली तेव्हा दिवाणखान्यातल्या टीव्हीवर आईला तोंड नव्हतं, आणि आत्या काकूला 'अहो' म्हणायला लागली होती. आत्या आपल्या धाकट्या भावजयीला 'अहो' म्हणायला लागली की समजायचं, प्रकरण हातघाईवर आलंय.

मुळात पंचाईत ही होती की आईचा फोटोच नव्हता. म्हणजे घरात फोटो ढिगानं होते, पण सगळे आईनं काढलेले. त्यात बाबा होते, थोरला होता, धाकटी होती, मामाची पहिली गाडी होती, त्या गाडीनं आडवा केलेला दिव्याचा खांबही होता. आई नव्हती. फार तर एखाद्या कोपऱ्यात तिचं बोट, नाहीतर फरशीवर तिची लांबुळकी सावली. उद्या हॉलमध्ये आईच्या आठवणीसाठी सगळे जमणार, आणि स्टँडवर लावायला काय, तर बोट.

एकच फोटो होता. धाकटी पहिल्या वर्षाला असताना सरांनी काम दिलं होतं: खिडकीच्या उजेडात एक चेहरा टिपा, आणि त्यावरून काळ्या कागदाचे तुकडे कापून तोच चेहरा जुळवा. सुट्टीत घरी आल्यावर तिनं आईला स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं केलं. कागदी चेहऱ्याला सरांनी "हा माणूस आहे की नकाशा?" असं विचारून नापास केलं. फोटो मात्र राहिला. त्यात आईच्या अंगावर विटका गाऊन होता, केस पिंजारलेले होते, चष्मा डोक्यावर चढवलेला होता. एक डोळा उजेडानं बारीक झालेला, हनुवटीखाली दुसरी हनुवटी, आणि तोंड उघडं.

थोरल्यानं तो टीव्हीवर लावला आणि सगळं खानदान समोर बसलं. विद्यापीठात याला 'क्रिट' म्हणायचे. आपलं काम भिंतीवर टोचायचं, आपण बाजूला उभं राहायचं, आणि बाकीच्यांनी त्याची पिसं काढायची. धाकटीला त्याची सवय होती. फक्त तिथे भिंतीवर आई नसायची.

"हे काय?" आत्या म्हणाली. ती जन्मभर शाळेत मुख्याध्यापिका होती. निवृत्त होऊन शाळा सुटली, पण आवाजातली घंटा काही सुटली नव्हती. "जांभई?"

"जांभई नाही गं आत्या. आई बोलत होती."

"काय बोलत होती?"

"'दूध बघ' म्हणत होती."

"मग?"

"मग दूध उतू गेलं."

मामा खो खो हसला, आणि हसता हसताच रुमालात तोंड घालून रडायला लागला. मामाची मोटार चालवायला शिकवायची शाळा होती. शिकाऊ माणसाशेजारी बसून बसून त्याला अशी सवय लागली होती, की घरात कुठे काही बिनसतंय असं वाटलं की त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. घरातले त्याला ब्रेकमामा म्हणत. आता तो दोन्ही पाय दाबून बसला होता.

"अक्का अशीच बोलायची," तो म्हणाला. "अर्धं बोलायची नि समोरच्याला पळवायची."

"ते खरं असलं तरी उद्या शंभर माणसांपुढे तोंड वासून उभी करणार का तिला?" आत्यानं विचारलं. "आणि गाऊनमध्ये? या घरची मोठी सून होती ती."

"सून नंतर. आधी आमची अक्का होती."

"मी कुठे नाही म्हटलं? पण तुमच्याकडे असताना तरी गाऊनवर फिरायची का?"

मामाचा पाय दाबला गेला.

धाकटी टीव्हीशेजारी उभी होती. "आत्या, फोटो खरा आहे," ती म्हणाली. "आम्हाला शिकवतात की माणसाचा चेहरा सजवायचा नसतो, शोधायचा असतो. तिचा हा अगदी सापडलेला आहे."

"असं शिकवतात?" आत्या म्हणाली, आणि खोलीत शाळेची शांतता पसरली. "तीन वर्षं हेच शिकवलं? मग आता विषय निघालाच आहे तर बोलूनच घेऊ. तुझ्या बाबांनी परवा रिकामी किटली गॅसवर ठेवली. बूड वितळेपर्यंत पत्ता नाही त्यांना. काल दार उघडं टाकून झोपले. यांना एकटं ठेवता येणार नाही. तुझा दादा दिवसभर कामावर. आणि चष्म्याच्या दुकानाचे मालक म्हणालेत, तुझ्या आईची काउंटरवरची जागा तुझ्यासाठी ठेवतो म्हणून. मला विचारशील तर विद्यापीठ पुरे झालं."

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. किटलीचं नाव निघाल्यावर त्यांनी आपले हात उलटेपालटे करून पाहिले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

"एकच वर्ष राहिलंय, आत्या."

"वर्षाचं काय घेऊन बसलीस? माणूस जायला एक दुपार लागते."

आई दुपारीच गेली होती. दुकानात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवून "हं, आता बघा," म्हणाली, आणि स्टुलावर बसली ती बसलीच. गिऱ्हाईक बराच वेळ आरशात बघत राहिलं होतं.

"हे बघ," आत्या जरा मऊ झाली. "मी काही वैरीण नाही तुझी. सगळ्यांनी मिळून बाबांचं बघायचं ठरवलं तर जा. पण सगळ्यांनी हं. एक जरी नाही म्हणाला, तर तू थांबायचंस. आणि आधी हा फोटो धड करून दाखव. एवढं साधं काम जमत नसेल, तर चौथ्या वर्षी काय दिवे लावणार आहेस?"

तर परीक्षा ही होती. परीक्षक चार आणि पेपर आई.

पहिली फुटली काकू. ती धाकटीला भांडी विसळायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि नळ मोठा सोडला. या घरात गुपित सांगायची हीच पद्धत होती. त्यामुळे नळ मोठा झाला की बाहेरचे सगळे कान टवकारायचे.

"संध्याकाळचं मी बघेन तुझ्या बाबांचं," काकू म्हणाली. "जेवण घालून, गॅस बंद करून, कुलूप तपासून मगच जाईन. तुझे काका परगावी, मला तरी घरी कोण आहे? तू शिक. ताईंचं काही ऐकू नकोस, त्यांना सगळी दुनिया पाचवी ब वाटते."

"काकू, तुमचे उपकार..."

"उपकारांचं सोड. ती हनुवटी तेवढी काढ."

"कुठली?"

"खालची." काकूनं ताट विसळलं, परत विसळलं. "आम्ही दोघींनी नवीन वर्षाला ठरवलं होतं, बारीक व्हायचं. रोज पहाटे चालायला जायचं म्हणून बूटसुद्धा आणले सारखेच. चार दिवस गेलो. पाचव्या दिवशी ती म्हणाली, 'अगं, झोप.' तशाच राहिलो. मी काही आता होत नाही बारीक. तिला तरी कर."

धाकटीला वाटलं, ही मागणी नाकारणाऱ्याला डिझाइन येत असेल, पण माणसं येत नसतील. तिनं बाहेर येऊन लॅपटॉप मांडीवर घेतला आणि आईची खालची हनुवटी काढली. काम सुबक झालं. गळा कुणा परक्या बाईचा असावा तसा लांब झाला.

टीव्हीवर दाखवायचं तर एकच मार्ग होता. थोरला कंप्युटरमधला. त्यानं टीव्हीखाली एक काळा डबा बसवला होता आणि घरातले सगळे फोटो त्यात भरले होते. "एक घर, एक डबा," तो सांगायचा. लॅपटॉपवर बदल करून सेव्ह केलं, की टीव्हीवर, सगळ्यांच्या फोनवर, जिथे जिथे म्हणून तो फोटो असेल तिथे तिथे आपोआप बदलायचा. या 'आपोआप'वर थोरल्याचा फार जीव होता. धाकटीनं सेव्ह केलं. आपोआप सगळ्यांकडे आईची एक हनुवटी कमी झाली.

"वा!" काकू म्हणाली.

"हे काय वा?" मामा उठला. "म्हणजे हे लोक सांगणार आणि आम्ही बघत बसणार होय? भाची, चल जरा गॅलरीत."

गॅलरीत मामानं खाली रस्त्यावर बघत बोलायला सुरुवात केली. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि मामाचा पाय तिकडेही काम करत होता.

"सकाळी माझे क्लास दहाला सुरू होतात. त्याआधी येऊन तुझ्या बाबांबरोबर चहा घेईन, औषध देईन. रोज. शब्द आहे माझा."

"मामा!"

"पण तिचे ते डोळ्यांखालचे काळे... ते नको. आणि पांढरे केस. आमच्याकडचे सगळे येणार उद्या. ते म्हणतील, काय दशा करून ठेवली आमच्या पोरीची."

"दशा नव्हती रे मामा. वय होतं ते."

"मला कळत नाही का?" मामा एकदम ओरडला, आणि मग हळू झाला. "माझ्या डोक्यात ती अजून दोन वेण्या घालून सायकलवर मला डबलसीट घेऊन जातेय. हा फोटो बघितला की ती थांबते. तू विद्यापीठात जा, दहा विद्यापीठांत जा, मी आहे. पण तिला एवढी दमलेली नको ना ठेवूस."

धाकटीनं काळी वर्तुळं पुसली. पांढऱ्या केसांवर रंग चढवला. कपाळावरच्या आडव्या रेघा काढल्या. त्यातली मधली थोरल्याच्या दहावीच्या वर्षी आली होती आणि सर्वांत वरची धाकटी पहिल्यांदा विद्यापीठाला निघाली तेव्हा, असं आई स्वतः सगळ्यांना सांगायची. पुसायला एकेकीला एक क्षण लागला. तिनं सेव्ह केलं.

"आता कशी टवटवीत दिसतेय!" मामा म्हणाला, आणि काकूकडे विजयी नजर टाकली. काकूनंही मान डोलावली. कालपर्यंत मामाला 'खांबपाडू' म्हणणारी काकू आता त्याच्याच बाकावर बसली होती, कारण आत्या एकटी पडत होती आणि ते दृश्य दोघांनाही आवडत होतं.

आत्याच्या ते लक्षात आलं. "तुमचं झालं का?" ती म्हणाली. "आता मी सांगते. चष्मा डोक्यावरून काढ. ती काय समुद्रकिनाऱ्यावर बसलीय? गाऊन काढ, माझी निळी शाल आहे ती दे तिच्या अंगावर. आणि तोंड मिट."

"शाल कशी देणार? फोटोत शाल नाही."

"माझ्यावर आहे ना! माझा फोटो घे नि जोड. तीन वर्षं काय फक्त कागद कापलेत?"

मग आत्या निळी शाल पांघरून, पाठ ताठ करून खिडकीशी बसली, आणि थोरल्यानं गळ्याखालच्या आत्याचा फोटो काढला. आत्याला फोटोची इतकी सवय की डोकं घेणार नाही हे माहीत असूनही ती हसली. धाकटीनं आत्याचं धड आईला जोडलं. सांधा शालीत लपला. आता आईचे खांदे मुख्याध्यापिका वर्गात शिरावी तसे ताठ झाले होते.

चष्मा काढल्यावर तिथे केस भरावे लागले. तोंड पुसलं, आणि तिथे नुसती कातडी आली. तोंडाच्या जागी सपाट, गुळगुळीत, काहीही न बोलणारी जागा. टीव्ही मोठा असल्यामुळे ती जागा ताटाएवढी होती. बाबांनी तिकडे पाहिलं आणि खुर्ची थोडी फिरवून बसले.

"तोंड कुणाचं लावायचं?" थोरल्यानं विचारलं. तो अशा वेळी अगदी दुकानदारासारखा विचारायचा.

"माझं घ्या," काकू म्हणाली. "लोक आम्हाला बहिणी समजायचे."

"अहो, तुमचं कसं घेणार?" आत्या म्हणाली. "मिटलेलं हवंय."

"ताई, तुम्हीसुद्धा आता धड दिलंय म्हणून मालकी सांगू नका हं!"

"मी मालकी सांगते? अहो, चार दिवस चालून पाचव्या दिवशी झोपणाऱ्यांनी..."

"तुम्ही नळाला कान लावता!"

"नळ सोडतं कोण?"

मामाचे दोन्ही पाय जमिनीत रुतले. "थांबा, थांबा! भाचीचं घ्या. तिचे ओठ डिट्टो अक्काचे आहेत."

सगळ्यांनी एकदम धाकटीकडे पाहिलं. तिचा चेहरा नव्हे, नुसते ओठ. बाजारात भाजी बघावी तसे. आणि सगळ्यांचं एकमत झालं. या कुटुंबात एकमत शेवटचं कधी झालं होतं ते कुणालाच आठवेना.

ती खिडकीशी उभी राहिली. जागा तीच होती, उजेडही तसाच. थोरल्यानं फोन धरला.

"हस."

तिला हसता येईना.

"अगं, थोडंसं. दात न दाखवता. प्रसन्न," आत्यानं सांगितलं.

"काहीतरी चांगलं आठव," काकू म्हणाली.

तिनं आठवून पाहिलं. आठवलं ते दूध. शेगडीभर पसरलेलं, करपट वासाचं, आणि पुसता पुसता आई म्हणत होती, "तुझे सर मार्क देतील ना गं मला?" ते आठवल्यावर ओठ मिटेनातच. थोरला थांबून राहिला. मामानं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून लहान मुलासमोर वाजवावा तसा वाजवला. शेवटी तिनं क्रिटमध्ये हसायचं ते हसू काढलं. सर कामाच्या चिंध्या करत असताना 'हो सर, बरोबर आहे सर' म्हणत ओढून धरायचं ते. थोरल्यानं टिपलं.

"झकास," तो म्हणाला. "रविवार मी बघतो बाबांचं, बायकोला सांगितलंय. पण तो डोळा बारीक आहे ना, तो मी करतो. आपोआप होतं. चांगला डोळा घ्यायचा, उलटा करायचा, तिकडे लावायचा."

झालं. दोन्ही डोळे सारखे झाले. ओठ बसवले. धाकटीनं रंग जुळवले, कडा मऊ केल्या, उजेडाची दिशा सारखी केली. हे सगळं तिला उत्तम येत होतं. तीन वर्षं वाया गेली नव्हती, हे आत्यालाही दिसत होतं. सेव्ह केलं.

टीव्हीवर एक बाई आली. तरुण, सडपातळ, शालीन. हसरी. दोन्ही डोळे समोर. निळ्या शालीत.

काकू रडली. मामा रडला. आत्यानं डोळे टिपले आणि म्हणाली, "याला म्हणतात फोटो." मग ती उठली, धाकटीजवळ आली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शनिवार मी धरला. जा बाई, पुरं कर तुझं वर्ष. मालकांना मी सांगते, जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून. हुशार आहेस. मी उगाच बोलले."

सकाळ मामा, संध्याकाळ काकू, शनिवार आत्या, रविवार थोरला. आत्यानं बोटांवर दोनदा मोजून पाहिलं, तिच्या हिशेबात कुठे भोक नव्हतं. धाकटीला वाटलं होतं, आता मोकळं वाटेल. छातीत काहीतरी सुटलं खरं, पण सुटून कुठे गेलं ते कळेना. प्रिंटवाल्याचं दुकान बंद व्हायच्या आत मामा फोटो घेऊन गेला. काकू त्याच्याच गाडीत बसली. आत्याला ती जागा हवी होती, म्हणून ती पायी गेली.

दिवाणखाना रिकामा झाला. खुर्च्या अजून टीव्हीकडे तोंड करून होत्या. थोरला वायरी गुंडाळत होता.

"बाई गं," बाबा म्हणाले. दिवसभरात फोन सोडला तर ते पहिल्यांदाच बोलत होते. "तो पहिला लाव ना जरा."

"कुठला, बाबा?"

"तो. दूध बघ म्हणते तो."

"लावते की."

तिनं डबा उघडला. निळ्या शालीतली बाई आली. तिनं मागे जायचं बटण दाबलं. मागे काही नव्हतं. तिनं आपला फोन उघडला. निळी शाल. ज्या फोननं तो काढला होता त्यानं पुढच्याच वर्षी वॉशिंग मशीनमध्ये जलसमाधी घेतली होती. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला, नाव विचारायच्याही आधी, सरांनी फळ्यावर लिहिलं होतं: आधी कॉपी, मग काम. ती हे विसरली नव्हती. खालच्या वर्गातल्या मुलांना ती स्वतः दरडावून सांगायची. पण अर्ध्या तासाच्या कामाला कॉपी कोण करतं?

"दादा, जुना फोटो कुठे आहे?"

"कुठला जुना?"

"मूळचा. मी त्याच्यावरच सेव्ह करत गेले. डब्यात जुनं ठेवायची सोय असेल ना? असतेच ना, दादा?"

थोरल्याच्या हातातली वायर सुटली. "असते," तो म्हणाला. "मी बंद केली होती. जागा खाते म्हणून."

त्यानं फोन पाहिला. त्याच्या बायकोला फोन करून तिला बघायला लावलं. मामाला फोन केला. मामानं गाडी कडेला घेऊन पाहिलं आणि उत्साहात सांगितलं, "माझ्याकडेपण नवीनच आहे की! काय सोय केलीस रे!" काकू मागून म्हणत होती, माझ्याकडेपण. आपोआप. सगळीकडे सगळं नीट बदललं होतं.

धाकटी बाबांच्या खुर्चीशी खाली बसली. "बाबा, गेला," ती म्हणाली. "मी घालवला. त्यांच्याकडून हो म्हणवून घेण्यासाठी मी तिचं एकेक देत गेले. हनुवटी काकूंना दिली, कपाळ मामाला दिलं, बाकी सगळं आत्याला. मला वाटलं, मूळ आहेच आपल्याकडे."

बाबा टीव्हीकडे बघत राहिले. त्या चौकटीत आत्या होती, थोरल्याचं आपोआप होतं, धाकटीचं खोटं हसू होतं. सगळे दाटीवाटीनं बसले होते. आईला तेवढी जागा मिळाली नव्हती.

"माझं ठीक आहे," बाबा म्हणाले. "मी तिला चाळीस वर्षं बघितलीय. डोळे मिटले की दिसते." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, लिफ्टच्या दाराला लावतात तसा, हलका आणि तपासून बघणारा. "तुझं कसं होणार गं?"

तिनं डोळे मिटून पाहिले. गाऊन दिसला. चष्मा दिसला. खिडकी, शेगडी, उजेडाची तिरीप, सगळं जिथल्या तिथे होतं. तोंडाच्या जागी मात्र तिचे स्वतःचे ओठ आले. तिनं कागद ओढला आणि काढायला बसली. तीन वर्षं डोळा तयार केलेल्या मुलीनं एक उघडं तोंड काढायला घेतलं. पहिलं जांभईसारखं झालं, दुसरं किंचाळल्यासारखं, तिसरं माशासारखं. थोरला वायर हातात घेऊन मागे उभा होता. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. "मी घेतो ना ती सोय परत चालू करून," तो म्हणाला, आणि स्वतःच बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये फोटो स्टँडवर लावला. माणूसभर उंचीचा. खाली नाव होतं. तेवढं एक धाकटीनं कुणाला न विचारता आपल्या मनासारखं केलं होतं: बारीक अक्षर, फिकट राखाडी रंग, भोवती भरपूर मोकळी जागा. सरांनी पैकीच्या पैकी मार्क दिले असते. दोन पावलांवरूनही ते वाचता येत नव्हतं.

लोक आले. आत्या दारात उभी राहून प्रत्येकाला सांगत होती, "आमच्या भाचीनं केलाय. पुढच्या वर्षी पदवी होतेय." लोक फोटोसमोर थांबत आणि म्हणत, किती प्रसन्न, किती शांत. फुलं ठेवत. मामाकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी, "ही धाकटी बहीण का गं?" असं विचारलं, पण त्यांना दिसतही कमी होतं. बाबा पहिल्या रांगेत टोकाला बसले होते आणि बराच वेळ डोळे मिटून होते. लोकांना वाटलं, झोप लागली. काकूनं त्यांना एकदा हलवलं. त्यांनी डोळे न उघडता "जागा आहे" म्हटलं.

मामानं चार शब्द बोलायचे ठरवले होते. तो उभा राहिला, फोटोकडे वळला, "अक्का," म्हणाला, आणि मग पुढचं बोलण्याऐवजी त्या बाईकडे नुसता बघत राहिला. मग "बरं," म्हणून खाली बसला. धाकटी शेवटच्या रांगेत होती. तिची बॅग भरलेली होती, दुपारच्या गाडीनं ती निघणार होती.

सोमवारी चष्म्याच्या दुकानातून थोरल्याला फोन आला. आईबरोबर बारा वर्षं काउंटरवर उभ्या राहिलेल्या दोघीजणी विचारत होत्या की कार्यक्रम पुढे ढकलला का. त्या वेळेवर आल्या होत्या. दारातून त्यांनी फोटो पाहिला, कुणा दुसऱ्याचं आहे असं समजून आत्याची माफी मागितली आणि शेजारच्या हॉलमध्ये जाऊन बसल्या. तिथे एका जोडप्याच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता. त्या शेवटपर्यंत थांबल्या, जेवल्या, आणि आणलेली फुलं त्या जोडप्याला देऊन घरी गेल्या.